लष्कराच्या भाकऱ्या कुणी भाजल्या?

प्रश्न : हल्ली आमच्याकडे संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर युद्धाची दृश्यं चालू असतात. परवा त्यावरून जेवायच्या वेळी वाद झाला. यजमानांचं म्हणणं, पूर्वीची माणसं लढाईला भीत नसत, आपणच हळवे झालोय. मुलगी म्हणाली, त्या काळी साध्या माणसाला विचारत कोण होतं, त्याला काय वाटलं हे कळणार तरी कसं? सासूबाई पानं वाढता वाढता म्हणाल्या, “पुरे झाल्या लष्कराच्या भाकऱ्या, बसा जेवायला.” दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या साध्या माणसाला लढाईबद्दल खरंच काय वाटत असे?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या घरात उत्तराच्या सगळ्यात जवळ सासूबाई पोचल्या, त्याही पानं वाढता वाढता. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या म्हणजे ज्याचं आपल्याला ना सोयर ना सुतक अशा कामात राबायचं, पीठही आपलं, सरपणही आपलं आणि शेवटी धन्यवाद देणारा कुणी नाही. हा वाक्प्रचार तलवार गाजवणाऱ्याला सुचलेला नसणार. तो चुलीपुढं बसून हात भाजून घेतलेल्या माणसाचा आहे. मुलीचा प्रश्न रास्त आहे, कारण कुणब्याची रोजनिशी आपल्याकडे नाही आणि कुणबिणीची तर नाहीच. पण ज्यांनी लिहून ठेवलं नाही त्यांनी बोलून ठेवलं, आणि ते बोलणं आपण अजून वापरतो.

‘धामधूम’ हाच शब्द घ्या. आज आपण लग्नाची धामधूम म्हणतो, दिवाळीची म्हणतो. जुन्या मराठी कागदांत हा शब्द भेटतो तेव्हा पोटात गोळा येतो. मुलखात धामधूम झाली याचा तिथला अर्थ फौजा आल्या, गावं उठली, पेरण्या राहिल्या. पाटील-कुळकर्णी सरकारला सारा माफ करा म्हणून लिहितात तेव्हा कारण म्हणून हा शब्द येतो. ‘गाशा गुंडाळला’ म्हणतो त्यातला गाशा घोड्याच्या खोगिरावर टाकायचा. ‘बाजारबुणगे’ आपण शिवीसारखं वापरतो, ते सैन्यामागून चालणारे न लढणारे लोक. या शब्दांवरून हात फिरवला की एक गोष्ट जाणवते. त्या माणसाच्या मनात ‘युद्ध’ असं काही फारसं नव्हतं. त्याला दिसत होतं ते लष्कर. कुणाचं, हा प्रश्न नंतरचा.

लष्कर म्हणजे चालतं शहर. घोडे, बैल, उंट, हत्ती, तोफा ओढणारी जनावरं, वाणी, लोहार, भिस्ती, वंजारी तांडे. या शहराला रोज चारा लागतो, सरपण लागतं, पाणी लागतं. चारा आणायला जी टोळी सुटे तिला ‘कही’ म्हणत. शिवारात कही शिरली की उभी ज्वारी आणि कापलेला कडबा यांत ती फरक करत नसे. कही शत्रूची असो की आपल्या सरदाराची, ज्वारीच्या ताटाला त्याचं काय?

हे राज्यकर्त्यांना कळत नव्हतं असं नाही. शिवाजी महाराजांचं १६७०च्या दशकातलं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. ते पत्र मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा राजापेक्षा एखादा कसलेला गृहस्थ बोलतोय असं वाटतं. दाणागवत जपून वापरा, आत्ताच उधळलंत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, असं ते आधी बजावतात. मग पुढचं सगळं चित्र उभं करतात : खायला मिळालं नाही की तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल, कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी फाटी, कुणी भाजी. असं झालं की गरीब कुणबी जीव घेऊन निघून जातील आणि त्यांना वाटेल, यापेक्षा मोगल बरे. शेवटी तर ते उंदरावर येतात. रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. ज्याच्या डोळ्यासमोर घाट आणि किल्ले आहेत त्याला भाजीची जुडी आणि उंदीरही दिसतो, म्हणून हे पत्र साडेतीनशे वर्षं टिकलं. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं त्यातलं महत्त्वाचं वाक्य मोगलांचं. आपल्याच लष्कराला रयत कंटाळू शकते आणि शत्रू बरा म्हणू शकते, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या पिढीत रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यात आरमारासाठी लाकूड कुठून आणावं हे सांगताना आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नये अशी ताकीद आहे. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही. राज्यशास्त्राच्या ग्रंथात एका झाडामागचं दुःख मोजलेलं आहे. आता ताकीद द्यावी लागली म्हणजे झाडं तोडली जात होती, हेही त्यातच आलं.

आणि ताकीद देणारा कुणी उरला नाही की काय होतं ते पुण्यानं १८०२ साली पाहिलं. २५ ऑक्टोबर, ऐन दिवाळी. हडपसरच्या बाजूला यशवंतराव होळकर एकीकडे, पेशवे आणि शिंदे दुसरीकडे. दोन्ही फौजा मराठ्यांच्या. होळकर जिंकले, पेशवे दुसरे बाजीराव आधी सिंहगडाकडे आणि मग कोकणात उतरले, आणि पुढचे काही महिने पुण्यातल्या सावकारांच्या पेठांनी जे सोसलं ते एखाद्या परक्या शत्रूकडूनही वेगळं झालं नसतं. फौजांनी तुडवलेला मुलूख, त्यावर १८०३-०४चा दुष्काळ. पुण्यातल्या त्या माणसाला ‘आपली बाजू कोणती’ विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं? मला वाटतं, त्यानं आधी दार लावून घेतलं असतं.

आता यजमानांची बाजू. तीही खोटी नाही, आणि ती लपवून मी तुम्हाला एकरंगी चित्र देणार नाही. लढाई हवीहवीशी वाटणारे लोक पुष्कळ होते आणि ते सगळे सरदार नव्हते. दसऱ्याला शिलंगण खेळायचं, आपट्याचं ‘सोनं’ लुटायचं, हे आज आपण हसतखेळत करतो. पण ‘लुटायचं’ हे क्रियापद त्यात उगाच आलेलं नाही. पाऊस सरला, नद्या उतरल्या, खरिपाची कामं हातावेगळी होत आली की मोहिमेचा हंगाम सुरू. सभासद बखर सांगते की शिवकाळात लष्करानं पावसाळ्यात छावणीला यायचं आणि आठ महिने मुलूखगिरी करायची. म्हणजे पेरणीला जसा काळ, तसा स्वारीला. ज्याच्याकडे स्वतःचं घोडं आणि हत्यार तो शिलेदार, ज्याला सरकारचं घोडं मिळालं तो बारगीर. मोहिमेआधी शिलेदाराच्या हातात ‘नालबंदी’ची आगाऊ रक्कम पडे. कोरडवाहू जमिनीच्या गावात धाकट्या भावाला ही रोख रक्कम, अंगावर बंडी, डोक्याला पागोटं आणि परत आल्यावर गावात मिळणारा मान, याचं आकर्षण नसेल तर नवल. हे शौर्य होतं की रोजगार? दोन्ही, आणि बहुतेक त्यालाही वेगळं करता आलं नसतं. पगार थकला की हेच शूर लोक सरदाराच्या तंबूपुढं धरणं धरून बसत.

विजयाचा आनंदही खरा होता. फत्तेची बातमी आली की तोफांची सरबत्ती होई, हत्तीवरून साखर वाटली जाई. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागं कृष्णेचा घाट आहे. तिथं एका छोट्या देवळासारख्या बांधकामात एक भलीमोठी घंटा टांगलीय. मी गेलो तेव्हा सहलीची मुलं रांगेनं ती वाजवत होती आणि त्यांचे मास्तर “एकेकानं, एकेकानं” ओरडत होते. घंटेच्या अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. १७३९ साली चिमाजीआप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चांच्या घंटा हत्तीवरून, गाड्यांवरून महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक, भीमाशंकराला एक, आणखीही कुठं कुठं. वसईचा वेढा लांबला होता, माणसं फार पडली होती, त्या काळात वज्रेश्वरीला बोललेला नवस फेडायला तिचं देऊळ बांधलं असं सांगतात. नवस आणि घंटा. धास्तावलेल्या मनानं एक गोष्ट केली, सुटलेल्या मनानं दुसरी.

घंटेचा आवाज मात्र ऐकणाराच्या जागेवर अवलंबून असतो. १६८३ साली संभाजी महाराजांच्या फौजा बारदेश आणि साष्टीत उतरल्या आणि जुन्या गोव्याच्या तोंडाशी आल्या, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयनं संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला अधिकारदंड संताच्या हाती देऊन आता तूच सांभाळ म्हणून साकडं घातलं. मोगल फौज मागून येत असल्यामुळं मराठे माघारी फिरले. पण गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ही गोष्ट मोगलांची म्हणून सांगितली जात नाही, संताची म्हणून सांगितली जाते. पलीकडे बंगालमध्ये १७४२पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या झाल्या. तिथं एक अंगाई आजही गातात. मूल झोपलंय, पाडा शांत झालाय आणि देशात बर्गी आलेत. बर्गी म्हणजे आपले बारगीर. पिकं पाखरांनी खाल्ली, आता खंडणी द्यायची कुठून, अशी त्या आईची काळजी. गंगाराम नावाच्या कवीनं त्याच स्वाऱ्यांवर एक काव्य लिहिलं, त्याचं नाव ‘महाराष्ट्र पुराण’. नाव ऐकून आपल्याला अभिमान वाटेल असं त्यात काही नाही. माझ्या एका बंगाली शेजारणीनं तिच्या नातवाला ही अंगाई म्हणून दाखवली आणि मग माझ्याकडे बघून ती थांबली. आम्ही दोघंही हसलो, जरा उशिरा.

तुमच्या प्रश्नातला ‘भीत नसत’ हा भाग आता घेतो, आणि त्यासाठी पानिपताकडे जावं लागेल. लढाईकडे नव्हे, लढाईआधीच्या वर्षाकडे.

१७६०च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेकडे निघाली तेव्हा तिच्यासोबत यात्रेकरूंचे जथे निघाले. मथुरा, प्रयाग, काशी, कुरुक्षेत्र. एरवी वाटेत चोर, ठग, जकातीवाले. मराठ्यांच्या एवढ्या मोठ्या फौजेच्या आसऱ्यानं जायला मिळतंय म्हटल्यावर इतकी सुरक्षित यात्रा पुन्हा कधी? म्हाताऱ्या आया, विधवा, नवविवाहित सुना, भिक्षुक, सगळे. अठरा वर्षांचा नाना फडणवीस आई आणि बायकोला घेऊन गेला. त्यानं नंतर आपल्या हातानं जे छोटं आत्मचरित्र लिहिलं त्यातून हे कळतं. लोक लढाईला भीत नव्हते, हे यजमानांचं म्हणणं इथं अक्षरशः खरं आहे. पण ती निर्भयता हौतात्म्याची नव्हती. आपलं काही वाईट होणारच नाही असा विश्वास होता, गेल्या वीस-तीस वर्षांच्या विजयांनी अंगात मुरलेला.

१४ जानेवारी १७६१च्या संध्याकाळी तो विश्वास पानिपतावर संपला. नाना अंगावरचे कपडे टाकून, गवतात लपत, पायी निघाला आणि वाचला. बायको पुढं सुखरूप भेटली. आई भेटली नाही.

आणि इकडे? नानासाहेब पेशव्यांनी डिसेंबरात पैठणजवळ दुसरं लग्न केलं होतं. पानिपतावर तेव्हा दाणा मिळेना, जनावरं मरत होती. यावर आजच्या वाचकाचा संताप होतो, तसा माझाही झाला होता. पण आपण त्या दोन गोष्टी एका पडद्यावर शेजारी शेजारी बघतो. तेव्हा त्यांच्यामध्ये शेकडो कोसांचा मुलूख होता आणि तुटलेली डाक होती. लग्नानंतर पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले, आणि जानेवारी अखेरीस भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, एका सावकाराचं पत्र त्यांच्या हाती लागलं. मजकूर सांकेतिक होता : दोन मोत्यं विरघळली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची तर गणतीच नाही.

हे पत्र शाळेतल्या पुस्तकात असतं, आणि दोन मोती म्हणजे भाऊ आणि पेशव्यांचा मुलगा विश्वासराव हे मास्तर सांगतात. मी मात्र खुर्द्यापाशी अडतो. खुर्दा म्हणजे चिल्लर. बाजारबुणगे, यात्रेकरू, भिस्ती, नानाची आई. त्यांची गणती त्या पत्रात नाही. तुमच्या मुलीला हे वाचून दाखवा, तिला जे खुपतंय ते इथं एका व्यापाऱ्यानं हिशेबाच्या भाषेत कबूल केलंय.

आज युद्धाची बातमी आपल्याला इतकी मिळते की मन बधिर होतं. त्यांचं दुखणं उलटं होतं. गेलेला माणूस मेला, कैद झाला, विकला गेला, बैरागी झाला की कुठल्या परमुलखात दुसरा संसार थाटून बसला, काहीच कळायचं नाही. हरियाणात रोड मराठा नावाचा समाज आपलं मूळ पानिपतातून वाचलेल्या लोकांत सांगतो. म्हणजे इकडे घरी वाट बघणं अगदी वेडेपणाचं नव्हतं. सुतक धरायचं तर तिथी कुठली? कुंकू पुसायचं तर कुठल्या दिवशी? भाऊंची पत्नी पार्वतीबाई रणांगणावरून जिवंत परतली. तिनं कुंकू पुसलं नाही. पुढची बावीस वर्षं, १७८३त ती वारली तोपर्यंत, ती पुण्यात सवाष्ण म्हणून वावरली, आणि भाऊंचं उत्तरकार्य तिच्या मरणानंतर झालं. ती पेशव्यांच्या घरची म्हणून तिचं आपल्याला माहीत आहे. खुर्द्यातल्या किती घरांत अशी कुंकवं राहिली असतील त्याला कागद नाही.

पण एक अप्रत्यक्ष पुरावा आहे, आणि तो मला पोवाड्यांपेक्षा मोठा वाटतो. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण मीच भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. पकडला गेला, किल्ल्याकिल्ल्यांवर कैदेत राहिला, आणि १७७६च्या सुरुवातीला रत्नागिरीच्या किल्लेदारानंच त्याला सोडवून त्याच्या नावानं फौज उभी केली. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसं त्याच्यामागं गेली. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर. अखेर तो आंगऱ्यांच्या हाती सापडला, पुण्यात आणला गेला, चौकशी झाली आणि वर्षअखेरीस त्याला देहदंड झाला. त्याच्या मागं गेलेल्यांत संधिसाधू होते, तेव्हा पेशव्यांचा कारभार बघणाऱ्या बारभाईंचे वैरी होते, हे सगळं कबूल. तरीही पंधरा वर्षांनी मेलेला माणूस परत आला म्हटल्यावर इतक्या लोकांचे पाय त्या दिशेला वळावेत, याला राजकारण पुरत नाही. भाऊ परतला असेल तर आपलाही कुणी परतेल, असा हिशेब कुठल्या तरी ओसरीवर नक्की झाला असणार.

शिपायाला स्वतःला काय वाटे? पोवाड्यात तो गर्जत असतो. अनंत फंदीनं खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा केला, १७९५ची ती लढाई मराठ्यांचा शेवटचा मोठा एकजुटीचा विजय होता, गर्जना करायला जागा होती. पण छावणीत रात्री हाच शिपाई लावणी ऐकायला बसे, आणि पेशवाईतल्या लावण्यांत पुन्हा पुन्हा येणारा एक प्रसंग आहे : बायको उंबऱ्यात उभी आहे आणि मोहिमेवर जाऊ नका म्हणून विनवतेय, किंवा गेलेल्याची वाट बघतेय. लिहिणारा पुरुष, ऐकणारे पुरुष, मधेमधे शृंगाराची फोडणी भरपूर. ते काही बाईचं मनोगत म्हणून मी घेत नाही. घराबाहेर पडलेल्या माणसाला काय ऐकावंसं वाटे, ते मात्र त्यातून कळतं.

सरकार याबाबतीत लावणीपेक्षा रोखठोक होतं. लढाईत पडलेल्याच्या लहान मुलांना जे वेतन बांधून देत त्याला ‘बालपरवेशी’ म्हणत. पेशवे दफ्तरात अशा नोंदी सापडतात. पोराचं नाव, बाप कुठं पडला, किती रुपये. त्या ओळींत ना शौर्य ना शोक. पण शब्द किती मऊ आहे बघा, बालपरवेशी. आजच्या ‘कुटुंब निवृत्तिवेतन’ या शब्दापुढं ठेवून दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहा.

एकच साधा माणूस असा आहे की ज्यानं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं, म्हणून त्याला शेवटी ठेवलंय. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं ऐकून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. वर्ष कुठलं ते बघा. बिचारे नेमके बंडात सापडले. पुढं झाशीच्या वेढ्यात, मार्च-एप्रिल १८५८मध्ये, ते शहराच्या आत होते. पुढं त्यांनी हे सगळं मोडीत लिहून काढलं आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ नावानं छापलं.

त्यांना राणीबद्दल आदर आहे, पण लढणाऱ्या कुठल्याच बाजूचं ते कीर्तन करत नाहीत. त्यांचं लक्ष असतं ते कुलपी गोळा फुटला की कुणाच्या घरावर, पाणी कुठं मिळेल, लपायला जागा कोणती, कनवटीला किती उरलं. दक्षिणेचे जपून ठेवलेले पैसे गोऱ्यांच्या लुटीत जातात त्याचं दुःख ते मोकळेपणानं सांगतात. गावात प्रेतं पडली असताना पैशाचं दुःख? हो. आणि त्याच पानांवर जेवणाचं वर्णनही असतं, कुणी चांगलं वाढलं तर त्याचं नाव असतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा माणूस जरा खुजा वाटला होता. आता वाटतं, तोच त्या काळाचा खरा साक्षीदार. भीती, भूक, हिशेब, धर्म, कुतूहल, सगळं एकदम, आणि कुठलीही भावना दुसरीला जागा करून द्यायला हटत नाही. कर्ज फेडायला गेलेला हा भटजी घरी परतला तेव्हा हाती पैसे जवळजवळ नव्हते. होती ती आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड, एवढ्या धामधुमीतून सांभाळून आणलेली.

आता एक काम तुमच्या सासूबाईंसाठी. देव्हाऱ्यात टाक असतील तर एकदा सगळे ताटात काढा. घोड्यावर बसलेली जोडी आणि पायाशी कुत्रा असेल तर तो खंडोबा, म्हाळसेसह. पण घोड्यावर एकटाच पुरुष, हातात तलवार, असा टाक दिसला तर तो बहुधा ‘वीर’. घरातला कुणी पूर्वज लढाईत पडला की त्याचा टाक करून देवांत बसवत. नाशिकला धुळवडीच्या दिवशी अशा वीरांची अजून मिरवणूक निघते, घरातलं पोर नटून, टाक हातात घेऊन गोदावरीवर जातं, त्याला अंघोळ घालून परत आणतं. आमच्याकडेही एक होता. कुठल्या लढाईतला, मी आजीला विचारलं होतं. तिला माहीत नव्हतं. नावही माहीत नव्हतं. “वीर आहे एवढं ठाऊक,” ती म्हणाली, “आणि त्याला गूळभाकर आवडते.”